खारं पाणी, हरभरा आणि पेशीपटल : प्रकल्प नोंदी

१५ ऑक्टोबर २०२४

तालुका विज्ञान प्रदर्शनाचा विषय आज ठरला. नववीची चार मुलं आहेत, तीन मुली आणि एक मुलगा. आधी 'सौर कुकर' आणि 'हायड्रोलिक जेसीबी' यांवर बरीच ओढाताण झाली. सलाइनच्या नळ्या लावलेला पुठ्ठ्याचा जेसीबी दरवर्षी तालुक्याला चार-पाच शाळा आणतात, तेव्हा तो मीच मोडीत काढला. परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचं पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणं, घेऊ म्हटलं तर मुलांचे चेहरे पडले. आठवीत साध्या पाण्यात फुगलेला मनुका आणि मिठाच्या पाण्यात सुरकुतलेला मनुका पाहून झालाय, त्यात नवीन काय? तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मनुका कायले जी? हरभरे भिजवू ना. एका वाटीत आरओचं, एका वाटीत बोअरचं." विषय तिथेच ठरला.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. वर खोल काळी जमीन, खाली गाळाचे थर आणि त्यांत खारं पाणी. खाऱ्या पाण्यानं हरभरा येत नाही हे इथं शेंबडं पोरही सांगेल. का येत नाही, असं विचारलं की मात्र सगळे "पीक जळते" एवढ्यावर थांबतात, स्टाफरूममधलेही. पेशीच्या पटलातून काय आत जातं, काय बाहेर राहतं आणि ते कशावर ठरतं, हे घरच्या पाण्यावर तपासायचं.

आरओ प्लांट चालवणाऱ्या भाऊंनी टीडीएसचा पेन वापरायला दिला. शाळेचा बोअर ३,९०० पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम क्षार), नळाचं पाणी २६०, आरओचं ४०. पेन काय मोजतो ते आधी वहीत लिहून घ्यायला लावलं. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. विरघळून ज्याचे विद्युतभारित कण होतात तेवढंच त्याला कळतं. साखर त्याला कळत नाही.

१८ ऑक्टोबर

कांदा. शाळेत चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक एकच, आरशाचा, म्हणून खिडकीजवळच्या बाकावर मांडला. लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची फुगीर बाजू ब्लेडने चौकोनी चिरली आणि जांभळा पापुद्रा चिमट्याने ओढला. जिथे पापुद्र्याला मांसल भाग चिकटून येतो तिथे काही दिसत नाही, त्यामुळे बरेच तुकडे वाया गेले. नीट निघालेल्या तुकड्यात मात्र जांभळ्या लांबट पेशी एकमेकींना लागून, काठोकाठ रंगाने भरलेल्या दिसल्या.

शंभर मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ घालून केलेलं द्रावण काचपट्टीच्या एका कडेला टाकलं आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घेतलं. मिनिटभर काही नाही. मग आधी पेशींचे कोपरे पांढरे पडले. रंग कोपऱ्यांतून सुटला, भिंतीपासून आत सरकू लागला आणि सरकता सरकता गडद होत गेला. रंगद्रव्य तेवढंच, जागा कमी. भिंतींची चौकट जागच्या जागी राहिली आणि तिच्या आत जांभळा गोळा आक्रसला. एका पेशीत दोन गोळे झाले होते, मध्ये बारीक धागा. चौघांनी एकमेकांना ढकलत पाहिलं. "हे तं आंगातलं पाणी सोडून राह्यली, सर."

गोळा आणि भिंत यांच्यामध्ये जी पांढरी जागा दिसते तिथे काय आहे, असं विचारलं. चौघांचं उत्तर : हवा. नाही, तिथे आपणच टाकलेलं मिठाचं पाणी आहे. पेशीभित्तिका ते अडवत नाही, मीठही जाऊ देते आणि पाणीही. अडवतं ते आतलं पटल, जे गोळ्याला चिकटून आत गेलं. ते इतकं पातळ आहे की या सूक्ष्मदर्शकाखाली कधीच दिसणार नाही. जाडी सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे अशी लाखाहून जास्त पटलं एकावर एक रचली तेव्हा कुठे मिलिमीटर भरेल. आपल्याला दिसते ती फक्त रंगाची कड. पटल जिथे असेल तिथपर्यंतच रंग, एवढ्यावरूनच ते ओळखायचं.

साधं पाणी परत ओढलं तेव्हा रंग पसरत पसरत पुन्हा भिंतीला टेकला. मेलेल्या पेशीत हे होत नाही. तिचं पटल फाटलेलं असतं आणि रंग सगळीकडे ओघळतो.

आता बोअरचं पाणी, ज्यासाठी एवढा खटाटोप. टाकलं, थांबलो, पुन्हा टाकलं. काहीच नाही. पेशी टुमटुमीत. मुलं हिरमुसली. मला तर हेच हवं होतं.

२१ ऑक्टोबर

फळ्यावर हिशोब केला. बोअरच्या पाण्यात लिटरला ३.९ ग्रॅम क्षार, सगळं साधं मीठच आहे असं धरलं. मिठाचा रेणुभार ५८.५, म्हणजे लिटरला ०.०६७ मोल. विरघळल्यावर सोडियम वेगळा, क्लोराइड वेगळा, म्हणून कण दुप्पट, ०.१३३. त्याला वायूच्या नियमातल्यासारखं स्थिरांकाने आणि केल्व्हिनमधल्या तापमानाने गुणलं की ३० अंशांना परासरण दाब साधारण ३.३ बार येतो. पातळ द्रावणातले कण दाबाच्या बाबतीत वायूच्या कणांसारखेच वागतात, हे व्हान्ट हॉफने दाखवून दिलं. १९०१ सालचं रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता.

कांद्यासाठी मग १ आणि २ टक्क्यांची द्रावणं केली. एक टक्क्याला बहुतेक पेशी होत्या तशाच. दोन टक्क्यांना जवळपास सगळ्या आक्रसल्या. म्हणजे कांद्याच्या पेशीतला रस एक ते दोन टक्के मिठाच्या पाण्याइतका दाट आहे आणि बोअरचं पाणी त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. पाणी अजूनही बाहेरून आतच जातंय.

मग पीक जळतं कशानं? "मीठ पेशीतलं पाणी ओढून घेतं" हे वाक्य आपण वर्षानुवर्षं वर्गात सांगतो, पण आमच्या बोअरला ते सरळसोट लागू होत नाही. प्रकल्प खरा इथून सुरू होतो. मुलांना हे पटायला तास गेला. एकीला अजून पटलेलं नाही.

२४ ऑक्टोबर

मुलीची मूळ कल्पना करून पाहिली, थोडी वाढवून. चार वाट्या : जिवंत हरभरा आरओच्या पाण्यात, जिवंत हरभरा बोअरच्या पाण्यात, आणि दोन्ही पाण्यांत बाजारातून आणलेले फुटाणे, सालीसकट. हरभरा 'जाकी ९२१८' वाणाचा, मुलाच्या घरच्या पेरणीतून उरलेला, औषध न लावलेला.

दुपारपर्यंत चारही वाट्या फुगल्या. फुटाणेसुद्धा, आणि फुटाणे तर भट्टीत भाजून मेलेले! त्यांना कसलं पटल आणि कसलं परासरण? बियाण्यातली कोरडी प्रथिनं आणि पिष्ट पाणी शोषून फुगतात, त्याला जीव लागत नाही. कोरड्या दाण्याची ही ओढ इतकी जबरदस्त असते की बोअरचे ३.३ बार तिच्यापुढे किरकोळ. खाऱ्या पाण्यातही हरभरा फुगतो तो यामुळे, आणि "फुगला म्हणजे उगवेल" असं समजणं बरोबर नाही तेही यामुळेच. फुटाण्यांची वाटी प्रदर्शनात पहिली ठेवायची.

दुसरी गोष्ट पेनने दाखवली. ४० पीपीएमच्या आरओच्या पाण्यात जिवंत हरभरा टाकला आणि थोड्या थोड्या वेळाने पेन बुडवला. आकडा चढायला लागला, आधी भराभर, मग सावकाश. दाण्यातून क्षार बाहेर येत होते. वाळलेल्या बियाण्यात पेशीपटलाची घडी विस्कटलेली असते. पाणी लागलं की ती पुन्हा बसते, पण बसेपर्यंत आतला माल गळतो. कोठीच्या तळातले, भुंगा लागलेले जुने दाणे तसेच भिजवले तर आकडा कितीतरी वर गेला. त्यांची पटलं दुरुस्त होण्यापलीकडची. बियाण्याचा जोम तपासायला प्रयोगशाळा भिजवलेल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात, ती याच तत्त्वावर.

दिवाळीच्या सुट्ट्या लागतील. ट्रे सुट्टीनंतरच.

१२ नोव्हेंबर

चार ट्रे लावले. धुतलेली वाळू, प्रत्येकी ५० दाणे.

पहिला आरओच्या पाण्यावर, दुसरा बोअरच्या. तिसरा बोअरच्या पाण्यात चिमूटभर जिप्सम टाकून. चौथा साखरेच्या पाण्यावर. आरओच्या लिटरभर पाण्यात ४५ ग्रॅम साखर टाकली की तिचा परासरण दाब आमच्या बोअरच्या पाण्याइतकाच होतो (साखरेचा रेणुभार ३४२, आणि ती विरघळून फुटत नाही). या चौथ्या ट्रेवर माझा सगळा भर आहे. खाऱ्या पाण्याचा त्रास नुसता पाणी ओढण्याचा असेल तर दुसरा आणि चौथा ट्रे सारखेच दिसायला हवेत. दुसरा जास्त बिघडला तर सोडियम आत जाऊन वेगळा काहीतरी उपद्रव करतोय. संशोधक यासाठी साखर वापरत नाहीत, पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरतात, कारण त्याचे मोठे रेणू पेशीत शिरत नाहीत. आमच्याकडे रेशनची साखर.

जिप्समचा ट्रे मुलाच्या आजोबांमुळे. ते म्हणाले, "खाऱ्या पाण्यानं जमीन चोपण होते, मंग जिप्सम टाका लागते." ते खरंच आहे, पण ती गोष्ट मातीची. सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतो, माती पावसात लोण्यासारखी बसते, वाळली की दगड, आणि जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला कणांवरून हुसकतं. आमचा प्रश्न पेशीचा आहे. म्हणूनच काळी माती न घेता वाळू घेतली. पण कॅल्शियम पटलालाही धरून ठेवतं आणि मुळांमध्ये सोडियम शिरायला आळा घालतं, हेही पक्कं झालेलं आहे. बघू.

१६ नोव्हेंबर

आरओच्या ट्रेत ४४ दाण्यांना मोड. बोअर २३, साखर २७, जिप्सम २५.

१८ नोव्हेंबर

बुधवारी मतदान आणि आमची शाळा म्हणजे बूथ. वर्ग उद्याच ताब्यात जाणार, मला स्वतःला दुसऱ्या गावची ड्यूटी. ट्रे एका मुलीच्या घरी हलवले. तिच्या आईने देवघराच्या खोलीत जागा दिली, अट एकच, साखरेच्या ट्रेला मुंग्या लागल्या तर तो उकिरड्यावर.

आकडे : आरओ ४७, बोअर ३४, साखर ४२, जिप्सम ३७.

२२ नोव्हेंबर

साखरेच्या ट्रेला मुंग्या लागल्या नाहीत, बुरशी लागली. पण तोवर जे पाहायचं ते पाहून झालं होतं. मुलीने २० तारखेलाच प्रत्येक ट्रेमधले दहा-दहा रोपं उपटून, मुळं धुऊन, काळ्या कागदावर ओळीने मांडून फोटो काढले. मी नसताना. फोटो माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले आहेत.

साखरेच्या ट्रेमधली मुळं आखूड, पण टोकापर्यंत पांढरीशुभ्र. उशिरा निघाली एवढंच. बोअरच्या ट्रेमधली मुळंही आखूड, आणि बऱ्याच जणांची टोकं तपकिरी, बाजूची मुळं फुटायची तिथं नुसते टेंगूळ. जिप्समवाली दोन्हींच्या मध्ये, पण एका ट्रेवरून जिप्समबद्दल मी काही बोलणार नाही आणि मुलांनाही तक्त्यावर लिहू देणार नाही. मुलगा नाराज. आजोबांना सांगून बसला होता.

आता दोन्ही गोष्टी वेगळ्या मांडता येतात. एक, बाहेरचं पाणी जितकं दाट तितकी पाण्याची आत यायची ओढ कमी. पाणी येतं, पण पेशीला ताणून वाढवायला लागणारा दाब उशिरा तयार होतो, म्हणून उगवण लांबते. दोन, सोडियम. पोटॅशियमसाठी मुळाच्या पटलात ज्या वाटा आहेत त्यांतल्या काही फारशा चोखंदळ नाहीत, त्यांतून सोडियम घुसतो. पेशीच्या आतला विद्युतभार बाहेरच्या मानाने ऋण असल्याने धन सोडियम आपोआप आत ओढला जातो. बाहेर काढायला मात्र ऊर्जा मोजावी लागते. पेशीरसात तो साठला की पोटॅशियमवर चालणाऱ्या विकरांचं (एन्झाइमांचं) काम बिघडतं. साखरेच्या ट्रेला पहिलाच त्रास होता, बोअरच्या ट्रेला दोन्ही.

न पटलेली मुलगी आज पटली म्हणाली. फोटोमुळे.

२६ नोव्हेंबर

मुलगा दोन दिवस गैरहजर, हगवण लागली होती. आज आला तो आशाताईंनी दिलेलं ओआरएसचं उरलेलं पाकीट दप्तरात घेऊन. मधल्या सुट्टीत लिटरभर आरओच्या पाण्यात ते कालवलं आणि कोणीतरी सहज पेन बुडवला.

आकडा बोअरच्या पाण्याच्या वर!

गडबड उडाली. पेन खराब झाला म्हणून पुन्हा बोअरमध्ये बुडवला, पुन्हा ३,९०० च्या आसपास. पाकिटावरचा मजकूर वाचला : लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, ग्लुकोज १३.५. क्षारच सात ग्रॅम झाले, बोअरच्या जवळजवळ दुप्पट. आणि ग्लुकोज तर पेनला कळतच नाही. म्हणजे ज्या पाण्यानं हरभऱ्याची मुळं करपतात त्याहून खारं पाणी आशाताई हगवणीतल्या लेकराला पाजतात आणि लेकरू उठून बसतं. सगळ्या प्रकल्पातला हा माझ्या मते सर्वांत भारी क्षण, आणि तो ठरवून आलेला नाही.

फरक कशाचा? आपल्या लहान आतड्याच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन बसलेलं आहे, ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन असे एकत्रच आत घेतं. पेशीच्या दुसऱ्या बाजूला, रक्ताकडच्या पटलात, सोडियम-पोटॅशियम पंप अखंड चालू असतो : एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा) एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्यामुळे पेशीत सोडियमचा कायम दुष्काळ, म्हणून आतड्यातला सोडियम आत यायला बघतो आणि येताना ग्लुकोजलाही आणतो. त्यांच्यामागे पाणी. हे फळ्यावर काढत होतो तेवढ्यात मागून, "म्हंजे सत्यनारायणाले बसल्यासारखं, जोडी लागतेच." दुसरी लगेच, "एका ग्लुकोजले दोन सोडियम! मंग कायची जोडी, सवत हाय ते." वर्ग आवरायला वेळ लागला, पण दोनास एक हे प्रमाण आता कोणी विसरणार नाही.

पंप डेन्मार्कच्या येन्स स्कौने १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत शोधला, नोबेल थेट १९९७ ला. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेनने १९६० मध्ये मांडली. कॉलऱ्यात आतडं पाणी ओकत असतं, पण हे जोडीचं दार शाबूत राहतं, म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही आणि साखर-मिठाचं पाणी चालतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ड्रममध्ये हे द्रावण कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चारच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. मुलांनी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. स्टाफरूममध्येही कोणी ऐकलेलं नव्हतं.

यातली आणखी एक बारीक गोष्ट. पूर्वीचं ओआरएस जास्त दाट होतं, लिटरला ३११ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांच्या संख्येचं माप). २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते २४५ वर आणलं, म्हणजे रक्तापेक्षा (साधारण २९०) पातळ, की पाणी आतड्यातून रक्ताकडे जायला आणखी सोपं. म्हणून पाकीट अर्ध्या ग्लासात कालवून "ताकदीचं" करून पाजू नये.

आणि मुलांच्या डोक्यात येणार हे ठाऊक होतंच, आलंच : मग बोअरच्या पाण्यात साखर टाकून पाजलं तर? नाही. आमच्या बोअरमध्ये साधं मीठच आहे हे मी हिशोबापुरतं धरलं होतं. प्रत्यक्षात त्यात मॅग्नेशियम आणि सल्फेटही असतं, आणि आतड्याच्या पटलातून ते फार थोडं आत जातं. आत गेलं नाही की आतड्यातच राहतं आणि पाणी स्वतःजवळ धरून ठेवतं. नवा पाहुणा हे पाणी प्यायला की त्याचं पोट बिघडतं, ही गावात नेहमीची गंमत, तिचं एक कारण हे. त्याच आतड्यात सोडियम आपल्यामागे पाणी आत नेतो आणि मॅग्नेशियम पाणी बाहेर अडकवतो.

२ डिसेंबर

बीट. आठवडी बाजारात मिळाले, महाग. सारखे तुकडे करून रंग जाईपर्यंत धुतले आणि वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवले. ४० अंशांपर्यंत पाणी स्वच्छ, ५० ला गुलाबी झाक, ७० ला लालभडक. सॅनिटायझरमध्ये आणि भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यातही रंग गळला. पटल मेदाच्या रेणूंच्या दुहेरी थराचं आहे (हे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या पेशींवरून सांगितलं), म्हणून स्पिरिट आणि साबण त्याला विस्कटतात, आणि उष्णतेने त्यातली प्रथिनंही बिघडतात. प्रयोग देखणा, पण आमच्या प्रश्नाला थोडाच लागतो. टेबलावर ठेवायचा, वेळ द्यायचा नाही. लोक रंग बघून थांबतात तेवढं पुरे.

५ डिसेंबर

आरओ प्लांटला मुलांना नेलं. मीटरवर दाब दहा किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास तेवढेच बार. मुलाने लगेच विचारलं, आपल्या हिशोबात तर साडेतीन बारही नव्हते, मग एवढे कशाला? भाऊ म्हणाले, "तीनवर मशीन पाणीच नाही सोडत." बरोबर. परासरण दाबाच्या वर जावं तेव्हाच पाणी उलटं, खाऱ्याकडून गोड्याकडे, यायला लागतं. शिवाय क्षार मागे राहून बाहेरचं पाणी आणखी दाट होत जातं, त्यासाठीही वरचढ दाब हवा. मागे उरलेलं ते अतिखारं पाणी मात्र नालीत सोडून दिलेलं होतं, त्यावर मुलींनी भाऊंना बरंच ऐकवलं.

तक्त्यावर आरओचा पडदा आणि मुळाच्या पेशीचं पटल शेजारी काढायचं ठरलं. आरओच्या पडद्याला बाहेरून ढकलावं लागतं आणि तो पाण्याखेरीज जवळपास सगळ्यालाच अडवतो. पेशीच्या पटलात पाण्यासाठी वेगळी प्रथिनंच आहेत, ॲक्वापोरिन. पीटर ॲग्रेने १९९२ मध्ये दाखवून दिलं, २००३ मध्ये नोबेल. एका ॲक्वापोरिनमधून सेकंदाला अब्जावधी रेणू एकामागोमाग जातात, पण हायड्रोजनचा आयन जात नाही.

एका मुलीने गाइडमधून मुळाच्या पेशीत सोडियम-पोटॅशियम पंप काढून आणला होता. तो खोडायला लावला. तो पंप प्राण्यांचा. वनस्पती हायड्रोजन आयन बाहेर फेकणाऱ्या पंपावर चालतात. हायड्रोजन परत आत येताना त्याच्या जोरावर सोडियम बाहेर ढकलला जातो. गाइडमध्ये सगळ्याच पेशींना एकच चित्र चिकटवून दिलेलं असतं.

१२ डिसेंबर

प्रदर्शन. आमच्या शेजारच्या टेबलावर व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेली अंडी, एक साखरेच्या पाकात, एक पाण्यात. गर्दी तिकडे जास्त, रबरासारखं अंडं हातात घ्यायला मिळतं ना. पण तो पडदा पेशीपटल नव्हे, प्रथिनांच्या धाग्यांची कवचाखालची जाळी आहे. पाण्याचं येणं-जाणं दाखवायला ठीक, त्यावर 'पेशीपटल' अशी चिठ्ठी लावणं ठीक नाही. आमच्या मुली हे त्या पोरांना समजावून सांगायला गेल्या आणि भांडून आल्या.

परीक्षक दोघे. एकांनी फुटाणे पाहून भुवया उंचावल्या, पूर्ण ऐकून घेतलं. दुसऱ्यांनी मुळांच्या फोटोंवर बोट ठेवलं : "सोडियम एवढा वाईट, तर तुमच्या खारपाणपट्ट्यात कपाशी कशी उभी राहते?" मला आत बोलायची परवानगी नव्हती. न पटणाऱ्या मुलीनेच उत्तर दिलं. कपाशीही सोडियम आत घेते, पण पेशीरसात राहू देत नाही. हायड्रोजन देऊन, सोडियम घेऊन तो मधल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, कोंडते. तिथे तो विकरांना त्रास देत नाही, उलट पेशीतला रस दाट करून पाणी आत ओढायला मदतच करतो. हरभऱ्याला हे फारसं जमत नाही. परीक्षकांनी विचारलं, हे तुम्ही करून पाहिलं का? ती म्हणाली, "नाई जी, हे वाचलं. मुळं पाह्यली ते आमचं." गुणपत्रिकेवर त्यांनी काहीतरी लिहिलं.

नंबर आला नाही. पहिला हायड्रोलिक जेसीबी.

१६ डिसेंबर

घरी फुलोऱ्यावर आलेल्या हरभऱ्याला एक पाणी द्यायचं आहे आणि शेततळ्यात पाणी थोडंच उरलंय, तर बोअरचं मिसळून तुषार सिंचन लावू का, असं एका मुलीच्या वडिलांनी फोनवर विचारलं. मी फोन तिलाच द्यायला सांगितलं. तिचं म्हणणं : मिसळायचं तर तीन भाग तळ्याचं, एक भाग बोअरचं, म्हणजे क्षार हजाराच्या थोडे वर राहतील, पण तुषारने नाही. पानावर पडलेलं खारं पाणी तिथंच वाळतं, क्षार दाट होत जातात आणि मुळाला चुकवून थेट पानात शिरतात. सरीने सोडा. वडील म्हणाले, सरीने सोडलं तर तळ्याचं पाणी पुरणार नाही. त्यावर बापलेकीचं बराच वेळ चाललं होतं. शेवटी अर्ध्याच वावराला, नुसतं तळ्याचं, तुषारने द्यायचं ठरलं. उरलेलं अर्धं ओलाव्यावर.